दोन कड्या

बुधवार बाजारात अंबाडीची जुडी निवडत होते
आणि मनगट एकदम हलकं झालं.
घड्याळ पानांत पडलेलं. चालूच होतं.
भाजीवालीनं उचललं, पदराला पुसलं,
"पट्टा गेला बाई तुमचा, टाइम नाही गेला."

इतवारीत, सराफा ओळ संपते तिथे
जिन्याखाली हेडाऊंचं दुकान,
दीड माणूस मावेल एवढं. त्यातला अर्धा कूलर.
चंद्रभान हेडाऊ भिंग डोळ्याला लावतात,
चेन एका टोकानं आडवी धरतात
आणि ती झुकते खाली,
वेलावर वाळलेल्या वालाच्या शेंगेसारखी.

"ताणली गेली ना?" मी म्हणते.
"स्टील काय रबर आहे का, मॅडम?
लांबली नाही ते. खाल्ली गेली."

चिमट्यात एक पिन. दोन्ही टोकं जाड,
मधे बारीक कंबर निघालेली.
"घाम येते, धूळ बसते, दोघांचा लेप होते.
तुम्ही हात हलवला का तो कानस मारते.
अन् इथला मे महिना तर तुम्ही पाहूनच राहिल्या.
भोकं मोठी होतात फक्त.
मधली जागा वाढते, तिलेच आपण लांबी म्हणतो."

माझ्या धुळीत कोराडीची राख.
एकतीस वर्षं मी कोळशाचे नमुने जाळले,
उरलेली राख तोलली, चौथ्या दशांशापर्यंत.
समोर सराफ्यात गुंजभर घटीवरून
कुणाचा तरी आवाज चढलाय.
स्टीलची घट कोण धरतं हिशेबात?

वाटीत कोमट पाणी, रिठ्याचा फेस,
नातवाचा टाकून दिलेला ब्रश.
काळं उतरलं पाण्यात,
थोडं चेनीचं, थोडं माझं.

"कड्या काढल्या होत्या का कधी?"

काढल्या होत्या. एकोणनव्वद साली,
पहिला पगार, सीताबर्डी,
घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं तेव्हा.
दुकानदार म्हणाला ठेवून द्या, म्हणून ठेवल्या.
कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही
आणि मला विचारायचं सुचलं नाही.

घरी येऊन हॉर्लिक्सची बाटली उपडी केली:
हुक, प्रेसबटणं,
चोरीला गेलेल्या सायकलची किल्ली,
दोन कड्या.

दुसऱ्या दिवशी हेडाऊ त्यांच्याकडे बघत राहिले.
कूलरचं पाणी तेवढं टपटपत होतं.
मग म्हणाले,
"हे पाहा. अशी होती तुमची चेन."

बाणाच्या दिशेनं जुनी पिन ठोकून काढली,
उलट्या बाजूनं नवी घातली.
कडीजवळची दोन घरं सगळ्यात खाल्लेली,
तिथे त्या दोघी बसल्या,
कडा धारदार, पाठ लख्ख.
बाकीच्या सगळ्या त्यांच्या शेजारी
पाटा धुतलेल्या पाण्याच्या रंगाच्या.

"पॉलिश मारा ना सगळ्यांना. एकसारखं दिसेल."
"पॉलिश म्हणजे पण खाणंच, मॅडम.
चमक वरून नाही लावता येत.
आतलीच काढा लागते."

पस्तीस वर्षं मनगट भरत गेलं,
चेन झिजत गेली,
दोघांनी एकमेकांना कळू दिलं नाही.
आणि मी सांगत फिरायचे,
बघा, पहिल्या दिवसासारखं बसतं अजून.

साठ रुपये.
काढलेल्या कड्या कागदाच्या पुडीत बांधून
त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या.
"ह्या कशाला?"
ते तोवर दुसऱ्या कुणाच्या चेनीत वाकलेले.
"रोज रात्री कोरड्या फडक्यानं पुसा," एवढंच,
मान वर न करता.

रात्री घड्याळ काढलं. पुसलं.
मनगटावर एक गोरा पट्टा,
एकाही उन्हाळ्यानं न पाहिलेला,
आणि त्यावर कड्यांचे ठसे, ओळीनं.
बोट फिरवलं.
त्यातले दोन जरा खोल.