घट

बाबांची जालंधरची जुनी वही.
निळा पुठ्ठा, आत चार रकाने:
आवक, वजन, घट, जमा.
सोळा पानं त्यांनी भरलेली,
सराफांच्या दुकानातली झाडलोट,
किती आली, वितळून किती उरली.
सतराव्यापासून मी.
आवक: पन्नास शब्द रोज.
सकाळी आठवले तेवढे जमा.
वजनाचा रकाना मोकळाच,
इंग्रजी शब्द कशात मोजायचे
ते मला कुणी सांगितलं नाही.

आज घट बारा.
‘लॅकोनिक’ तिसऱ्यांदा गेला.
शेवटी अर्थाच्या जागी लिहिलं:
बाबांचा रविवारचा फोन, चार मिनिटं.
परत गेला नाही.

व्याकरणाला गुजले सर.
विट्यात, मंडईच्या वरच्या मजल्यावर,
खालून मेथीचा भाव ऐकू येतो
आणि सर फळ्यावर लिहितात
‘हॅड ही कम.’
जे घडलंच नाही त्याचं वाक्य, पोरींनो,
थर्ड कंडिशनल,
एम. ए.च्या प्रवेशाला हमखास.
घरी आले तर आई चुलत्यांना सांगत होती:
ह्यांनी हितं ऱ्हायचं ठरवलं असतं
तर पत्रा कवाच बदलला असता,
शर्मीला सांगलीला ठेवली असती,
हसब्यांच्या घरात कोन तरी हसलं असतं.
मी दारातच उभी राहून तपासलं.
एक चूक नाही.

परीक्षा कुपवाडला,
एमआयडीसीतल्या एका इमारतीत.
हॉल तिकिटावर ‘शर्मिष्ठा’तला एक एच गळालेला,
दारावरच्या माणसाला त्याचं काही नव्हतं,
म्हणाला, बोट ठेवा.
ठेवलं. हिरवा दिवा, पहिल्याच फटक्यात.
बाबांचं बोट बँकेत लागत नाही,
तेजाबानं रेषा खाल्ल्यात.
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा,
ते करतात, मागं रांग वाढते.
हे सगळं मला तिथं का आठवावं,
नव्वद मिनिटांतलं एक गेलं त्यात.

प्रश्न त्रेसष्ट.
जवळचा अर्थ निवडा: ‘अ‍ॅसे’.
चार पर्याय. निबंध होता, पारख होती,
बाकीचे दोन आता आठवत नाहीत.
शेजारचा पोरगा खुर्ची करकरवत होता,
घड्याळ लाल झालं होतं.
मी निबंध दाबला.
आठवीपासून निबंधच तर लिहीत आले,
माझी आई, माझा आवडता ऋतू,
माझे बाबा काय करतात.

तासगावच्या स्टँडवर गाडी थांबली.
शेजारी एक बाई, मांडीवर बेदाण्याचं पोतं,
एकेक दाणा बोटांत दाबून बघणारी.
मी फोनमध्ये शब्द काढला.
अ‍ॅसे: धातूत सोनं किती, ते तपासणे.

म्हणजे मूस. म्हणजे सवागी.
म्हणजे पितळी चिमटा, पिवळा धूर,
दिवाळीला घरी आले तरी
तीन दिवस टॉवेलला येणारा वास.
पन्नास पन्नास करत
साडेचार हजार परके शब्द घरात आणले
आणि एक शब्द घरचाच होता,
त्याला मी ओळख दिली नाही.
बाईनं मूठभर बेदाणे पुढं केले.
खाल्ले. गोड होते, त्यांचा काय दोष.

रविवारी फोन आला. सांगितलं.
पलीकडं भट्टीचा पंखा.
किती मार्काचा हुता?
एका. चुकलं की वर पाव कापतात.
म्हंजी सव्वा, बाबा म्हणाले.
एवढी घट येतीच.
मग बराच वेळ पंखाच.
मग:
आमच्या कामाला विंग्रजीत नाव हाय व्हय?
आहे, बाबा.
कसं म्हनायचं?
मी म्हटलं.
त्यांनी म्हटलं,
जरासं निबंधाकडं झुकलेलं.
नाही, तोंड आणखी उघडा, अ‍ॅ.
पुन्हा म्हटलं.
मागं कुणीतरी हिंदीत हाक मारली,
ते म्हणाले, थांब रे.
आणि पुन्हा.

चार मिनिटं कधीच होऊन गेली होती.