एकशे सत्तावीस

जानेवारीत, उणे अठरात,
तळघरातल्या लेथच्या एका चाकाचे दोन दाते गेले.
आवाज फारसा झाला नाही.
अक्रोड फुटावा, एवढाच.

लेथ छोटा. दोघांनी उचलला तर जिन्यातून वर येतो,
एकट्याने उचलला तर डॉक्टरकडे नेतो.
वडिलांनी हॅलिफॅक्सच्या एका कारकुनाकडून घेतला
तेव्हा आमच्याकडे सगळं इंचांत होतं:
मासे, बर्फ, शवपेट्या.
पुढे सरकारने मिलिमीटर आणले.
लेथला कुणी कळवलं नाही.

त्याच्याकडून मिलिमीटरचे आटे पाडून घ्यायचे
तर मध्ये दुभाषी बसवावा लागतो,
एकशे सत्तावीस दात्यांचं चाक.
सव्वीस नाही, अठ्ठावीस नाही.
इंचात मिलिमीटर पंचवीस, वर चार दशांश;
हा हिशोब छाटत छाटत खाली आणला
की तळाशी हाच आकडा उरतो,
आणि त्याला कशानेही भाग जात नाही.

मुलीच्या बोटीचं इंजिन नॉर्वेचं.
त्याला वीतभर लांबीचा एक स्क्रू हवा आहे.
बोट लुनेनबर्गच्या धक्क्याला बांधलेली,
आणि लॉबस्टर काही माझ्यासाठी थांबणार नाहीत.

लेथची कंपनी केव्हाच बुडाली.
ट्रुरोच्या भंगारवाल्याने मागितलेलं सोडून सगळं पाठवलं:
जबडे नसलेला चक,
माझ्या लेथला खुजा पडणारा टेलस्टॉक,
आणि एक हँडल, जे शिवणयंत्राचं निघालं.
डार्टमथच्या दुकानात दोन दात्यांपायी
दाताच्या कण्या केल्या.
पोरगा म्हणाला, त्रेसष्टचं लावा की,
दुप्पट केले की एकशे सव्वीस.
एका दात्याचा तर फरक. कोण मोजतंय?

नट मोजतो.
पहिले काही फेरे हसत हसत जातो,
मग जड होतो, मग अडतो,
आणि आपल्याला वाटतं, मनगटातला जोर गेला.

शेवटी कुणीतरी विनिफ्रेड हिमेलमनचं दार सांगितलं.
नवरा जाऊन सहा वर्षं झालेली.
लेथ विकून टाकला, म्हणाली,
नुसता गप्प उभा असायचा.
सुटं काही? छे.
डबाभर वॉशर आहेत, पण त्यावर आम्ही पत्ते खेळतो.
बसा, कॉर्कम. चहा टाकलाय.

किटली तिने उचलली
आणि टेबलावरच्या लोखंडी चाकावर ठेवली.

मी म्हणालो, बाई, ती जरा पुन्हा उचलता?

एका दात्यावर पेन्सिलने खूण करून मोजायला लागलो.
ब्याऐंशीला तिने विचारलं, साखर किती.
पुन्हा एकपासून.
एकशे चौदाला तिला एल्डनची आठवण झाली.
मी ऐकली. पुन्हा एकपासून.
तिसऱ्यांदा चाक तिनेच ओढून घेतलं,
चष्मा कपाळावर सारून, मोठ्याने,
मटार सोलावेत तसा एकेक दाता मागे टाकत गेली
आणि पेन्सिलच्या खुणेपाशी येऊन थांबली.
एकशे सत्तावीस, म्हणाली. कसला अडनिडा आकडा.
एल्डनला असलंच आवडायचं.

पैसे नको म्हणाली.
पण मग किटली कशावर ठेवू?

पिशवीत मापाला नेलेलं माझं चाक होतं,
दोन दात्यांनी बोळकं.
ते टेबलावर ठेवलं. किटलीला काही कळलं नाही.
विनिफ्रेडने खिंडीतून बोट फिरवलं,
म्हणाली, इथे चमचा टेकेल.

आता रात्रीचे अकरा.
तिच्या चाकावर चहाचा तपकिरी डाग आहे,
घासला, गेला नाही.
दर फेऱ्याला वर येतो, खाली जातो,
आणि पोलादावर आटा पुढे सरकतो.
अर्धा स्क्रू बाकी आहे.
नट शर्टाच्या खिशात ठेवलाय,
अंगाच्या उबेला.
मध्येच लावून बघायचा मोह होतो.
नाही बघत.