पंचम, किंचित उतरलेला

टार्टूच्या संगीतशाळेचं तळघर,
आम्ही अकरा जण, पियानो जुळवणारे.
बाहेर उणे एकोणीस, नदीवरून लोक चालत जातायत.
विषय एकच:
आपण एकमेकांशी बोलायचं कसं.

निघाला तो एन्देलमुळे.
ऑक्टोबरात त्यानं वैकेच्या कामाला
सुतारकाम म्हटलं, सगळ्यांदेखत.
वैकेनं किल्ली पिशवीत टाकली
आणि कोट न घालताच गेली.
तो कोट अजून खुंटीवर आहे,
तपकिरी, कोपरावर ठिगळ.
कोणी हलवला नाही, कोणी विचारलं नाही.

भांडण तसं काय? वरचा मोठा पियानो
चारशे चाळीसवर ठेवायचा की बेचाळीसवर.
सेकंदाला दोन कंपनं जास्त की कमी.
तेवढ्यावरून चार महिने अबोला,
आणि आमचा धंदाच ऐकण्याचा!

काल्यू बोलला आधी. एक्क्याऐंशीचा,
वरचे सूर आता त्याला ऐकू येत नाहीत,
बोटांखाली लागतात म्हणतो.
"कुणाच्या कानाबद्दल बोलू नका.
तारेबद्दल काय ते बोला."
मी लिहून घेतलं.

मग मैमू: गिऱ्हाइकाच्या घरी झाकण उघडून
च्‌ च्‌ करायचं नाही,
"हे कोणी केलंय" असं तर मुळीच नाही.
सगळे खाली बघायला लागले.
एक जण हसला. मग सगळेच.
मीही केलंय ते, गेल्याच मंगळवारी,
आणि नंतर कळलं, ते काम माझंच होतं,
तीन वर्षांपूर्वीचं.

ट्रीन सगळ्यांत लहान. म्हणाली,
उत्तर द्यायच्या आधी थांबावं,
सगळ्यांत खालच्या पट्टीचा आवाज विझेपर्यंत.
करून बघू म्हणाले. तिनं पट्टी दाबून धरली.
आम्ही बसलो. आवाज विझेना.
कुणाची खुर्ची करकरली, कुणाचं पोट.
एन्देल घड्याळाकडे, वैके भिंतीकडे.
शेवटी ठरलं, मधली पट्टी पुरे.

"आदरानं बोलावं," मी मसुदा वाचला,
तेव्हा वैकेनं चार महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं.
"ते काढा.
मला याच्याबद्दल आदर नाही.
नसलेलं मी कुठून आणू?
हवं तर शिव्या देणार नाही, एवढं लिहा."

जिभेला हाड नसतं म्हणतात,
पण त्या क्षणी सगळ्यांच्या जिभा
हाडासारख्या ताठ झाल्या होत्या.

एन्देल उठला. मला वाटलं, झालं,
आता शब्दानं शब्द वाढणार.
तो कोपऱ्यातल्या उभ्या पियानोपाशी गेला,
एक पंचम वाजवला. पुन्हा वाजवला.
"हा खरा नाही," म्हणाला. "ऐका, हलतोय.
मीच उतरवलाय, केसभर.
अकरा पंचम चोख ठेवले
तर बारावा लांडग्यासारखा ओरडतो,
आणि तो एकटा का म्हणून ओरडेल?"
बसला नाही. तसाच उभा, पाठमोरा.

वैकेनं ऐकलं. खूप वेळ.
मधल्या पट्टीपेक्षा नक्कीच जास्त.
"दोन काट्यांचा फरक पडलाय तुझ्या हातून," म्हणाली,
"अजून थोडा वर घे."
त्यानं किल्ली मागितली.
तिनं पिशवी उघडली.

मी 'आदरानं' खोडलं,
त्याच्यावर 'नीट' लिहिलं.
नीट बोलायचं. बाकी मतभेद आहेत तसे.
चाळीस की बेचाळीस, पुढच्या बैठकीत.

दिवे घालवताना पाहिलं,
कोट तिथेच होता.
विसरली की ठेवून गेली, मला माहीत नाही.
इतिवृत्तात त्याला जागा नव्हती.
मी फक्त बाहीवरची धूळ झटकली.