शेरा

वहीला सहा रकाने:
तारीख, डोंगर, किती गेले,
किती परत आले, खर्च, शेरा.

चौथा रकाना मेहबूबमियाँनी आखला, पहिल्याच रविवारी,
शिलाई मशीनच्या फळीवर वही ठेवून,
आधी कापडावरच्या खडूनं, मग पेनानं.
आम्ही हसलो.
धारूरच्या घाटात कोण हरवतंय हो मियाँ,
इथं गुरंसुद्धा दिवेलागणीला आपापल्या खुंट्यावर येतात.
"आखू द्या," म्हणाले, "रेघेला काही पैसे पडत नाहीत."

सह्याद्रीकडचे पाहुणे विचारतात, तुमचे डोंगर केवढे?
केवढे म्हणजे,
बालाघाट उभा राहत नाही, कुशीवर पडलेला असतो.
पाठ काळी, पोटाला मुरूम,
फाल्गुनात अंगभर कुसळं.
उंची नका विचारू. दुपारी बाराला
माथ्यावर सावली किती, ते विचारा.
एक बोरीचं झुडूप.
त्यात आठ जणांची डोकी.

मियाँ डोंगराचं माप नुसत्या डोळ्यांनी घ्यायचे.
"हा कमरेत आवळ आहे, खांद्याकडून जाऊ."
आणि तिकडून वाट निघायची, खरंच.
चालायचे सगळ्यांच्या मागे,
गळ्यात टेप तशीच, काढायची राहून गेलेली.

१४ नोव्हेंबर. सीताफळीचा डोंगर. गेले नऊ, आले नऊ.
शेरा: फळं नाहीत. माकडांची बैठक आमच्याआधी झालेली.

९ जानेवारी. तांड्यामागची धार. गेले सात, आले सात.
शेरा: गित्ते मास्तरांनी आपलं पाणी
म्हसरं राखणाऱ्या एका पोराला दिलं
आणि दिवसभर सगळ्यांचं थोडं थोडं प्यायले.

६ मार्च. पवनचक्क्यांचा माळ. गेले सहा, आले सात.
शेरा: सातवं कुत्रं.
प्रयागबाई केंद्रेंच्या मागं पार घरापर्यंत.
त्याची वर्गणी कुणी भरायची, ठराव प्रलंबित.

मग मियाँ हैदराबादेला गेले, लेकाकडं,
चौदाव्या मजल्यावर.
खिडकीतून एक टेकडी दिसते म्हणाले,
पण अर्धी कुणीतरी कापून नेलीय,
काठ तसाच, दुमडसुद्धा घातलेली नाही.

दर रविवारी संध्याकाळी सातला फोन.
कसे आहात नाही, पाऊसपाणी नाही.
"चौथा रकाना?"
मी आकडा सांगतो. ते "हं" म्हणतात. ठेवतात.
एकदा जीप पंक्चर झाली,
घाट उतरायलाच साडेनऊ वाजले, रेंज नाही.
खाली आलो नि मीच लावला.
म्हणलं, पाच गेले, पाच आले.
पलीकडून बराच वेळ काहीच नाही,
फक्त कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.

झालेल्या वाटा पेनानं असतात.
पुढच्या मी पेन्सिलनं लिहितो:

१२ ऑक्टोबर. किल्ल्यामागची दरी.
पहाटे साडेपाच, बसस्टँडसमोर, उमापांच्या चहाच्या गाड्यावर.
दोन लिटर पाणी, ज्वारीची भाकरी, ठेचा चालेल, दही नको.
चपला घालून येऊ नये.
हालगे आप्पा, हे तुमच्यासाठीच आहे.

आणि यावेळी मियाँ येऊलालेत, रात्रीच्या गाडीनं.
गुडघ्याला पट्टा आहे, चढणार नाहीत.
पायथ्याला लिंबाखाली सतरंजी टाकून बसतील
आणि मोजतील.

यावर बैठकीत पाऊण तास गेला:
जो पायथ्याशी बसला, तो "गेले"त धरायचा की नाही?
मास्तर म्हणाले, नियमानं नाही, पाय चढले पाहिजेत.
प्रयागबाई म्हणाल्या, मग कुत्रं कसं धरलंत?
ते तर नुसतं उतरलं होतं.
हालगे आप्पा म्हणाले, चहा सांगा.

तिसऱ्या रकान्यात मी आठ लिहिलं, खोडलं,
नऊ लिहिलं, खोडलं.
कागद आता तिथं पातळ झालाय,
मागच्या पानावरचा डोंगर दिसतो.
चौथा कोरा आहे, त्याला मी हात लावत नाही.

रबर संपत आलंय.
येताना कुणीतरी घेऊन या.