साडेतेरा इंच

पहिला स्टँड बेअरिंगनं जिभेनंच पाडला.
विटांवर फळी, फळीवर परात.
एकतीस वर्षं सातपूरला क्वालिटीत काढलेल्या बाईनं
असलं काम करावं?
रिजेक्ट, मी स्वतःलाच म्हटलं,
आणि सांडलेला भात खराट्यानं गोळा केला.

दुसरा, द्राक्षांच्या क्रेटचा.
पिंपळगावच्या मावसभावानं दिलेला, तळाशी अजून चिकट.
बेअरिंगनं नाक वळवलं,
मुंग्यांनी मात्र खानदान आणलं.

मग मी टेप घेऊन खाली उतरले.

बेअरिंग तसा कंपनीच्या गेटवरचा.
मी रिटायर झाले त्या संध्याकाळी
स्कूटीमागे त्रिमूर्ती चौकापर्यंत पळत आला.
हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ
आणि हा.
घड्याळ कधीच बंद पडलं.

आता त्याची मान खाली जात नव्हती.
ताटलीशी पोचायला पुढचे पाय फाकवायचा,
दोन घास खायचा, थांबायचा,
लिफ्ट बंद असली की आपण जिन्याकडे बघतो
तसा भाताकडे बघायचा.

बोरस्त्यांच्या ओजसनं त्याला धरलं.
मी खांद्याचं माप घेतलं, छातीचं घेतलं.
ओजस म्हणाला, काकू, ब्लाउज शिवताय का?

अंबड लिंक रोडला अश्फाकभाईंच्या भंगारात
चौकोनी पाइप मिळाला, वजनावर.
गेट बनवताय?
नाही, टेबल.
खुर्च्या किती?
खुर्ची लागत नाही त्याला.
अश्फाकभाईंनी काटा माझ्या बाजूनं थोडा झुकू दिला.

चार पाय, वर पत्रा,
पत्र्याला दोन भोकं, भोकांत दोन स्टीलची पातेली.
प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी,
आई दुधाच्या कपाटाखाली ठेवायची तशी.
कडा कानसेनं घासल्या, गालावर फिरवून बघितल्या.
उंची साडेतेरा इंच.
ना वर, ना खाली.

सेक्रेटरी खैरनार नियमांची फाइल घेऊन आले.
मी काही न बोलता पत्र्यावर लेव्हल ठेवली.
बुडबुडा मधोमध.
ते चष्मा वर सरकवून बराच वेळ बुडबुडा बघत राहिले,
मग म्हणाले, आमच्या ओट्याला एकदा लावून बघाल का?
फाइल तशीच काखेत.

बेअरिंग सरळ उभा राहून जेवला.
पाय जुळवून, मान सरळ,
डबा सुट्टीत कँटीनला उभ्यानं जेवणाऱ्या
सेकंड शिफ्टच्या माणसासारखा.
पातेलं चाटून झाल्यावर पत्राही चाटला.

जानेवारीत, निफाडला दवबिंदू गोठले त्या आठवड्यात
बेअरिंग गेला.
त्याबद्दल एवढंच.

पातेली मी भरत राहिले. सवय.
मग मागच्या गॅरेजकडून एक पिल्लू यायला लागलं,
कानाला ऑइलचा डाग. ओजस म्हणाला, गास्केट.
गास्केट मागच्या पायांवर उभी राहायची,
पुढचे पंजे पत्र्यावर, नाक पातेल्याच्या काठाला,
आणि धपकन खाली.
अकरा दिवस मी वरून बघितलं.
एकदा वीट ठेवली, तिनं तिच्यावर झोप काढली.

बाराव्या दिवशी हॅकसॉ काढला.
साडेतीन इंच, चार वेळा.
तिसरा पाय कापताना ब्लेड तुटलं,
दुसरं आणायला दुकानापर्यंत गेले
आणि काही न घेता परत आले.
संध्याकाळी पुन्हा गेले.

कापलेले चार तुकडे व्हर्निअरनं मोजले.
एकही दुसऱ्याएवढा नव्हता.
जुन्या हातानं जुनं रजिस्टर आठवलं.
तुकडे पुसले, बिस्किटांच्या डब्यात ठेवले,
डब्यावर काही लिहिलं नाही.

स्टँड आता किंचित डुगडुगतो.
बुडबुडा डावीकडे पळतो.
गास्केट जेवायला लागली की एक पाय फरशीवर वाजतो,
टक टक, टक,
तिसऱ्या मजल्यावर, गॅस बंद असेल तर, ऐकू येतं.

पायाखाली घालायला पुठ्ठ्याची घडी करून ठेवलीय.
खिडकीत आहे.
अजून खाली नेलेली नाही.