वास नसलेलं

बाटलीत काकवीसारखं जड,
तिरकी केली तरी सावकाश येणारं.
वास नाही, वाफ नाही, आगही धरत नाही.
लेबलवर हिरवं पान.

हिंदुरावमामा म्हणाले,
‘वास मारतंय ते सांगून येतंय.
ह्याचं तसं न्हाई. हातमोजं घाल.’

सागरमाळावर धुकं. झाकण कालपासून सैल.
ओल पिऊन ते आम्ल होतं,
काच चाटतं,
बोट चाटलं तर दुखणं रात्री कळतं,
हे मी पेपरात लिहून आलेली,
दहापैकी नऊ.

बीकरचा तळ धुरकट दिसला.
हात सवयीनं नळाकडं.
‘मोरीचं पाणी कुठं जातं, मामा?’
त्यांनी हनुवटीनं तलाव दाखवला.
मग टाकाऊचा कॅन पुढं सरकवला.
त्यावर खडूनं तारीख होती,
कालची.