अर्धी मात्रा

त्या सिनेमात काय होतं, ते आता इथे कुणाला विचारू नका.
कुणीतरी नदीकाठी कुणाची तरी वाट पाहत होतं, एवढंच.
रिळं केव्हाच आंबली,
डबे उघडले की व्हिनेगरचा वास येतो म्हणतात.
पण तबकडी आहे.
निळ्या पुठ्ठ्यातली, कोपरे झिजलेली.
वूच शहरात ज्या घरात ती नाही
त्या घरात तिची जागा तरी आहे.

चौसष्ट सालचा फेब्रुवारी. स्टुडिओतले हीटर बंद.
बत्तीस वादक ओव्हरकोट घालून बसलेले,
आणि मी, अठरा वर्षांची, पियानोशेजारी उभी,
तेओदोरसाहेबांची पानं उलटायला.
माझं नाव पुठ्ठ्यावर नाही.
पानं उलटणाऱ्यांची नावं कुठल्याच पुठ्ठ्यावर नसतात.

उपासांआधीचा गुरुवार होता, सगळं शहर गोड खात होतं.
मधल्या सुटीत मीही खाल्ला
आलुबुखारचा मुरांबा भरलेला तळलेला पाव.
बोटं स्कर्टला पुसली. नीट नाही पुसली.
तिसऱ्या पानाला चौथं चिकटलं.

तेओदोरसाहेब थांबले.
अर्धी मात्रा. फार नाही.
डावा हात हवेत, माझ्याकडे एक नजर,
मग पान सुटलं, आणि तो सूर पडला
जो आधीच पडायचा होता.

पुन्हा वाजवायला फीत शिल्लक नव्हती.

आता साठ वर्षं होऊन गेली.
लग्नातले ब्रासवाले त्या जागी थांबतात.
टॅक्सीवाला सिग्नलला शीळ घालतो, तोही थांबतो.
खालच्या मजल्यावरची कालिना घाईत पुढे गेली
की तिचे मास्तर ओरडतात:
युद्धात गेलेल्यांसाठी इथे श्वास धरलाय, मुली,
इथे धावायचं नसतं.

मी जिन्यात उभी राहून ऐकते. ब्र काढत नाही.
नवऱ्याच्या मयतीलाही हीच धून.
त्या जागी सगळे थांबले, पाद्रीसुद्धा,
आणि देवा, मला हसू आलं.
रुमाल तोंडात कोंबला. लोक म्हणाले, बिचारी.

कधी वाटतं, सांगून टाकावं.
पण मास्तर खोटं तरी कुठे बोलतात?
तेओदोरसाहेबांचे दोन भाऊ परत आले नव्हते.
ती नजर माझ्याकडे वळली खरी,
पण माझ्यापाशीच थांबली का,
हे मला तरी कुठे माहीत.

काल कालिनानं विचारलं,
आजी, इथे नेमकं किती थांबायचं?
मी म्हटलं,
चिकटलेलं बोट सुटेपर्यंत.